पूलमधला कॅमेरावाला रोबो आणि ‘क्लोरीन बंद करा’वाला फॉरवर्ड

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतोय. पोहण्याच्या पूलचा तळ आणि भिंती घासणारे नवे रोबो आलेत ना, कॅमेऱ्याने बघत बघत चालणारे, त्यांच्याबद्दल. असले मेसेज मी वाचतो आणि सोडून देतो. पण हा ताईकडून आला, आणि खाली तिची पुस्ती होती: ‘क्लोरीनचा डबा अडगळीत टाकला. पोरांचे डोळे चुरचुरायचे, सुटलो एकदाचे.’ ताईच्या घरामागे पूल आहे आणि सुट्टी लागली की घरातली सगळी पोरं त्यातच असतात. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे. रोबोचा एआय कॅमेरा घाण आणि जंतू ‘ओळखून’ खेचून घेतो, म्हणून क्लोरीन लागत नाही. तोच कॅमेरा मुलांवर नजर ठेवतो आणि कुणी बुडायला लागलं तर फोनवर इशारा देतो. यंत्र कमी व्होल्टवर चालतं, तेव्हा मुलं पाण्यात असताना चालू ठेवलं तरी बिघडत नाही. हिरव्या पाण्यात, अंधारातही त्याला सगळं दिसतं. पूलचा पंप बंद ठेवून वीज वाचवा. आणि जुने, बिनकॅमेऱ्याचे रोबो आंधळे असतात, ते भंगारात काढा.

आधी जंतूंचं बघू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे.

समजा रोबोचा कॅमेरा अर्धा मीटर अंतरावरून साधारण एक मीटर रुंदीचा तळ बघतोय आणि चित्राच्या रुंदीत 1920 ठिपके आहेत. म्हणजे एका ठिपक्यात अर्धा मिलिमीटर तळ आला. अर्धा मिलिमीटर म्हणजे 500 मायक्रॉन. पूलमधून पसरणाऱ्या जुलाबाचं एक नेहमीचं कारण असलेला क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी 4 ते 6 मायक्रॉनचा असतो. म्हणजे एका ठिपक्याच्या रुंदीत असे शंभरेक जण शेजारी शेजारी मावतील. ई-कोलाय हा जिवाणू त्याहून लहान, विषाणू तर कितीतरी लहान. कॅमेऱ्यामागे कितीही हुशार एआय बसवा, जे चित्रात आलंच नाही ते तो ओळखणार कशातून? या एआयला पान, काडी, वाळू, गाळाचा पट्टा ओळखायला शिकवलेलं असतं आणि तेवढं काम तो करतो.

‘दिसलं नाही तरी जाळीत अडकतं’ असं कुणी म्हणेल. बहुतेक रोबोंच्या जाळीची छिद्रं दहा-वीस मायक्रॉनपेक्षा बरीच मोठी असतात. काहींना खूप बारीक जाळी मिळते, मान्य. पण मुद्दा जाळीचा नाहीच. एका मुलाच्या अंगावरून पाण्यात आलेला जंतू शेजारच्या मुलाच्या तोंडात जायला काही सेकंद लागतात. त्या वेळात रोबो पूलच्या दुसऱ्या टोकाला भिंत घासत असतो, किंवा खरं तर बाहेर चार्जिंगला लावलेला असतो. क्लोरीनचा उपयोग होतो तो याच कारणाने: ते पूलभर, प्रत्येक घोटात, आधीपासून हजर असतं.

ते काय करतं याचा चांगला हिशेब अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, दिलेला आहे. मुक्त क्लोरीन (म्हणजे अजून कशाशी संयोग न झालेलं) 1 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली ते सांगणारा आकडा) 7.5 आणि पाणी 25 अंश सेल्सिअस असेल, तर जुलाब लावणारा ई-कोलाय एका मिनिटाच्या आत मरतो. हिपॅटायटिस ए चा विषाणू साधारण 16 मिनिटांत, जिआर्डिया हा दुसरा परजीवी साधारण 45 मिनिटांत. आणि क्रिप्टोला, म्हणजे वरच्या क्रिप्टोस्पोरिडियमला, लागतात सुमारे 15,300 मिनिटं, म्हणजे साडेदहा दिवस. ‘बघा, क्लोरीनने तरी कुठे सगळं मरतं’ असं म्हणायला लोक हाच शेवटचा आकडा पुढे करतात. त्यातून निघतं ते एवढंच, की ज्याला जुलाब होतायत त्याने पूलमध्ये उतरायचं नाही. क्रिप्टो चिवट आहे म्हणून ई-कोलायलाही मोकळं रान द्या, हे कुठलं गणित?

हीच संस्था घरच्या पूललाही किमान 1 पीपीएम क्लोरीन आणि पीएच 7.0 ते 7.8 ठेवायला सांगते. उन्हाने क्लोरीन उडू नये म्हणून पाण्यात सायन्युरिक ॲसिड घातलेलं असेल, तर किमान 2 पीपीएम. हे आकडे कुठलाही कॅमेरा वाचू शकत नाही. पीएच 7.2 असो की 8.2, पाणी तसंच निळंशार दिसतं. आणि पीएच वर गेला की क्लोरीन असूनही निकामी होतं: 7.5 ला जेमतेम अर्धं क्लोरीन कामाच्या रूपात असतं, 8 ला पावभर. हे बघायला लागते कागदाची एक पट्टी. पाण्यात बुडवायची, वर काढायची, झटकायची नाही, आणि डब्यावरच्या रंगांशी ताडून बघायची. क्लोरीनचा चौकोन पांढराच राहिला तर पाणी कितीही नितळ दिसो, पोरांना काठावर बसवा.

आता डोळे चुरचुरण्याबद्दल. इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, तेवढं नाइलाजाने कबूल करतो. डोळे चुरचुरतात, नाकात तो उग्र वास जातो, आणि त्याचा संबंध क्लोरीनशी आहेच. पण तो वास क्लोरामाइनचा. घाम, लघवी आणि अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की हे तयार होतं. म्हणजे उग्र वास आला तर बहुतेकदा मुक्त क्लोरीन कमी पडलेलं असतं आणि घाण जास्त झालेली असते. उपाय असा की पूलमध्ये उतरण्याआधी अंघोळ करायची, पोरांना मधे मधे बाहेर काढून बाथरूमला न्यायचं, आणि क्लोरीन नीट मोजून राखायचं. ते बंद केलं तर वास जाईल खरा, पण मग ती लघवी पाण्यात नुसती राहील. (डबा परत काढणाऱ्यांसाठी: दोन वेगळ्या जातींचं क्लोरीन एका भांड्यात कधीही कालवू नका. जुन्या गोळ्या आणि नवी पावडर एकत्र केली तर पेट घेऊ शकते, स्फोटही होऊ शकतो.)

दुसरा दावा वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. रोबो मुलांवर नजर ठेवतो म्हणे.

कुठल्याही पूल-रोबोची पुस्तिका उघडा. सुरुवातीच्या सूचनांमध्येच असतं की पाण्यात माणसं असताना यंत्र चालवू नये. म्हणजे मुलं पाण्यात असतील तेव्हा हा पहारेकरी पाण्याबाहेर असायला हवा. विषय खरं तर इथेच संपतो. तरीही समजा कुणी सूचना धाब्यावर बसवून तो चालू ठेवला. कॅमेरा तळापासून वीतभर उंचीवर, तोंड समोरच्या तळाकडे किंवा भिंतीकडे. बुडणारं मूल सुरुवातीला असतं पाण्याच्या वरच्या थरात, उभं, तोंड कधी पाण्यावर तर कधी पाण्याखाली. ते ओरडत नाही, कारण श्वास घ्यायलाच जमत नसतं. हात हलवून बोलवतही नाही. हे सगळं मिनिटाच्या आत उरकू शकतं, आणि तेवढ्यात आपला रोबो कोपऱ्यात पायरीपाशी वळण घेत असतो.

आणि फोनवर इशारा? वायफायच्या लहरी पाण्यात फार तर काही वीत जातात, पाणी त्या शोषून घेतं. म्हणून तर बिनवायरचे बरेच रोबो पाण्याखाली गेले की ॲपमध्ये ‘संपर्क नाही’ दाखवतात आणि वर आले की पुन्हा जोडले जातात. काही कंपन्या त्यासाठी पाण्यावर तरंगणारा वेगळा अँटेना देतात. दीड मीटर खोल पाण्यातून थेट चित्र फोनवर येईल आणि त्यावर विसंबून कुणी आत स्वयंपाकघरात काम करत बसेल, हा विचारच अंगावर काटा आणतो.

कॅमेऱ्याने बुडणारा माणूस ओळखायची यंत्रणा जगात नाही असं नाही. सार्वजनिक तलावांत ती बसवतात, आणि तिच्या सुरक्षेसाठी व चाचणीसाठी आयएसओ 20380 हे आंतरराष्ट्रीय मानक 2017 मध्ये निघालं. ते कॅमेरे ठरलेल्या जागी पक्के असतात, पाण्याचा ठरलेला भाग सतत बघतात, आणि घंटा वाजते ती काठावरच्या जीवरक्षकाकडे, म्हणजे उडी मारायला तयार असलेल्या माणसाकडे. केरवारा करणाऱ्या यंत्राला त्यांच्या रांगेत बसवणं हा निव्वळ खोटेपणा आहे. पाच वर्षांखालच्या पोरांसाठी नियम साधा: मोठं माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर, फोन खाली ठेवून.

कमी व्होल्टचं म्हणाल तर वायरवाले रोबो साधारण 24 ते 30 व्होल्टवर चालतात हे खरं आहे. पण त्यांचा ट्रान्सफॉर्मर भिंतीवरच्या पूर्ण दाबाच्या विजेला जोडलेला असतो. तो काठापासून लांब ठेवायचा असतो आणि पोरांच्या पायात येणारी वायर त्यातूनच निघते. शिवाय फिरते ब्रश, खेचणारा पंखा आणि मोकळे लांब केस. व्होल्टचा आकडा सांगून यातलं काहीच टळत नाही.

हिरव्या पाण्यात दिसतं म्हणणाऱ्याने धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावून बघावेत. शेवाळाच्या कणांवर आपटून रोबोचाच प्रकाश त्याच्या कॅमेऱ्यात परत येतो आणि समोर उरतो पांढरट हिरवा पडदा. हे मी जवळून पाहिलंय. औषध टाकून शेवाळ मेलं होतं, राखाडी साय तळावर बसली होती. रोबो त्यावरून गेला तर मागून धुराचा लोट उठल्यासारखं पाणी गढूळ झालं. इतकी बारीक साय त्याच्या जाळीतून आरपार निघत होती. मग तो स्वतःच उठवलेल्या लोटात शिरून अडखळत राहिला. शेवाळ आधी क्लोरीनने मारायचं, हाताने ब्रश मारायचा, पूलचा मोठा फिल्टर चालवायचा. रोबोचा नंबर शेवटी. बरं, स्वच्छ पाण्यातही भर दुपारी लाटांमुळे तळावर उन्हाची जाळी नाचत असते. तीत आणि शिडीच्या सावलीत काही मॉडेलं चक्क घाण शोधत बसतात.

पंप बंद करायचा दावा तर दोन वाक्यांत निकालात निघतो. रोबो पाणी स्वतःच्या पोटातल्या जाळीतून काढून तिथेच परत सोडतो. पूलभर क्लोरीन फिरवणं, वरचा तरंगता कचरा पूलच्या भिंतीतल्या तोंडातून ओढून घेणं आणि पाणी मुख्य फिल्टरमधून नेणं हे पंपाचं काम, आणि ते पंपच करतो.

उरले ‘आंधळे’ जुने रोबो. इथे पुन्हा थोडं मान्य करावं लागतं, कारण कॅमेऱ्याचा फायदा आहे. झाडाखालच्या पूलमध्ये एका कोपऱ्यात पानांचा ढीग पडला असेल, तर कॅमेरावाला सरळ तिकडे जातो. अख्खा तळ विंचरत बसत नाही आणि बॅटरी वाचते. नेमकी तेवढीच पानं उचलायची असतील तर गोष्ट झकास. पण जुने म्हणजे आंधळे हे चूक. त्यांच्यात दिशा आणि कल सांगणारा जायरो असतो, काहींत आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारे अल्ट्रासोनिक सेन्सर असतात, आणि त्यांच्या जोरावर ते ओळीने सगळा तळ घासतात. भिंतीवर पाण्याच्या रेषेला बोट फिरवा. जो बुळबुळीत थर लागतो तो कॅमेऱ्याला दिसत नाही, कारण तो पारदर्शक असतो. तो निघतो ब्रश सगळीकडून फिरल्यावर, दिसो वा न दिसो. तेव्हा ‘दिसेल तिथेच जा’ हा प्रकार रोजच्या वरवरच्या झाडलोटीला ठीक. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण फेरी लावायलाच हवी.

घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याला एआयबद्दल विचारूच नका, ते तो न विचारता सांगेल. जाळी किती मायक्रॉनची आहे आणि बारीक जाळी वेगळी मिळते का ते विचारा. उजेड कमी झाला की यंत्र जायरोवर चालत राहतं की मधेच थांबतं? पाण्याच्या रेषेपर्यंत चढून तिथे घासतं की नुसतं टेकून खाली येतं? बॅटरी संपली तर काठाशी येऊन थांबतं की तळाला बसून राहतं आणि आपण आकडी घेऊन काढायचं? आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण तिथल्या तिथे उघडून बघा, कारण दर फेरीनंतर ओल्या हातांनी, केसांचा गुंता काढत, ते तुम्हालाच उघडायचं आहे.