सांता क्लारा काउंटी : दोष केवळ पगारांचा नाही

कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅलीचा भाग असलेल्या सांता क्लारा काउंटीतील (जिल्ह्यातील) घरांच्या किमती तंत्रज्ञान कंपन्यांच्या पगारांमुळेच भडकल्या, हे आपण छापलेल्या लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते. याच काउंटीतील सॅन होजे शहरातील बहुतांश निवासी जमीन अनेक दशके ‘एका भूखंडावर एकच घर’ या नियमाखाली राहिली. त्यातच १९७८ च्या प्रपोझिशन १३ या कॅलिफोर्नियाच्या मालमत्ता कर नियमामुळे, मालकी बदलेपर्यंत घराचे करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढत नसल्याने, जुने मालक हा कमी कर सोडून घर विकायला सहसा तयार होत नाहीत. २०१६ मध्ये काउंटीच्या मतदारांनी परवडणाऱ्या घरांसाठी ९५ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, हे निश्चितच स्वागतार्ह होते. तरीही आमच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिकांना रोज काउंटीबाहेरच्या, दूरच्या ट्रेसी शहरातून डोंगर ओलांडून यावे लागते, याची मला मनापासून खंत वाटते.