कुत्रा पाय चाटून जखम करतोय? तो फॉरवर्ड चुकीचा आहे

गेले पंधरा दिवस फोंडा, म्हापशाच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की कुत्र्यानं पाय चाटून चाटून जखम केली तर चाटू द्या, लाळेतच औषध असतं, कंटाळा आला म्हणून चाटतो, हळद-खोबरेल लावा, आठ दिवसांत साफ, आणि गळ्यात प्लास्टिकचा कोन घालणं म्हणजे छळ. डिचोलीच्या मावशीनं मलाही पाठवला. गप्प बसवत नाही, कारण आमच्या ब्रूनोला आम्ही हेच सगळं केलं आणि त्यात चार महिने गेले.

लाळेचं अर्धं खरं आहे, म्हणूनच लोकांना पटतं. कुत्र्याची लाळ ई. कोलायसारखे काही जंतू थोडेफार मारते. पण या जखमेत मुख्यतः सापडतात ते स्टॅफिलोकोकस, त्यांच्यावर लाळ फारशी चालत नाही, उलट ते कुत्र्याच्या तोंडात आणि कातडीवरच राहत असतात. सतत घासून केसांची मुळं कातडीच्या आत फुटतात, तुटलेले केस आतच रुततात, शरीराला ते काट्यासारखे बोचतात, मग खाज, खाज आली की परत चाटणं, असं ते फिरतच राहतं. ब्रूनोच्या पुढच्या डाव्या पायावर, मनगटाच्या जरा वर, आधी नुसतं ओलसर टक्कल होतं. नंतर तिथे दहाच्या नाण्याएवढा जाड कडक गोळा झाला, मधे लाल, कडेला काळपट, दाबला की रक्ताळलेलं पाणी यायचं.

आता कंटाळा. एकटं पडणं, घाबरट स्वभाव यानं चाटायची सवय लागते हे खरंच आहे. 1992 मध्ये अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट यांच्या टीमनं माणसांच्या ओसीडीवरचं, म्हणजे तेच ते परत परत करायला लावणाऱ्या मानसिक आजारावरचं, क्लोमिप्रामिन हे औषध अशा कुत्र्यांना देऊन पाहिलं आणि चाटणं कमी झालं. पण मनाकडे बोट दाखवायच्या आधी शरीर तपासायला हवं ना! ॲलर्जी, पिसवा, कातडीतले किडे, रुतलेला काटा, जुनं फ्रॅक्चर, सांधेदुखी, थायरॉईड, कधी कधी गाठ, यातलं काहीही असू शकतं, आणि लॅब्रॅडोर, डॉबरमन, ग्रेट डेन अशा मोठ्या कुत्र्यांत हे चाटणं जास्त दिसतं. आपल्याकडे पावसाळ्यात पाय धड सुकतच नाहीत, ती भर वेगळी. ब्रूनोचा एक्स-रे काढला तेव्हा कळलं की मनगटाचा सांधा झिजलाय, दुखतंय म्हणून तो तिथे चाटत होता. आणि आम्ही काय केलं, तर त्याला कंटाळा येतो म्हणून दिवसातून दोनदा लांब फिरवला, त्या दुखऱ्या पायावर. हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

हळद-खोबरेल वरच्यावर राहतं, तेही दोन मिनिटं, कारण तो चाटून टाकतो. इन्फेक्शन खोल असतं. डॉक्टर आतला नमुना कल्चरला, म्हणजे नेमके कुठले जंतू आहेत ते बघायला लॅबमध्ये, पाठवून अँटिबायोटिक ठरवतात आणि ते सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त चालतं. वरून बरं दिसलं म्हणून मधेच थांबवलं की परत येतं, आमचं एकदा आलंच. आणि प्लीज, घरातलं माणसांचं पेनकिलर जेल लावू नका, त्यातलं डायक्लोफिनॅक पोटात गेलं तर कुत्र्याच्या किडनीवर बेततं.

राहिला कोन. एकटा कोन बरं करत नाही, मूळ दुखणं तसंच ठेवून काढला तर त्याच संध्याकाळी चाटणं सुरू. पण औषध चालू असताना जिभेपासून ती जागा वाचवायला तोच लागतो. ब्रूनो पहिले दोन दिवस दारांना आपटत होता, मग आम्ही त्याचं भांडं पाटावर ठेवलं आणि तो नीट जेवायला लागला.

मावशीला मी काल फोन केला. तिचा डॉबरमन महिनाभर एकच पाय चाटतोय, ती शनिवारी त्याला एक्स-रेला नेतेय.