'भीतीचा धंदा' आणि तीन महिन्यांचा हिशोब

साहेब, तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, जशीच्या तशी ठेवली आहे. डीबीसीपी हे पिकांच्या मुळांवरच्या सूत्रकृमी (बारीक जंत) मारायचं रसायन पुरुषांच्या शुक्राणूंचं कायमचं नुकसान करतं, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "मॅडम, भीतीचा धंदा बंद करा. शुक्राणू दर तीन महिन्यांनी नवे तयार होतात, मग कायमचं नुकसान कसलं?" शिवाय अमेरिकेतल्या कारखान्याचा आपल्याशी संबंध काय, आणि माझा आकडा जुना आहे, हेही.

आकडा जुना, मान्य. वीर्यातल्या शुक्राणूंच्या संख्येची, म्हणजे काउंटची, खालची मर्यादा मी प्रति मिली २ कोटी लिहिली होती. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची खालची मर्यादा १.६ कोटी आहे. दुरुस्त केलं. पण तेवढ्यावरून 'धंदा'? १९ वर्षं वीर्यतपासणीच्या टेबलावर बसते आहे, फवारणीची औषधं विकत नाही आणि त्यावरचे उतारेही विकत नाही. मुद्दा खोडायचा तर खोडा की, आधी टोमणा कशाला?

आता तुमचे तीन महिने. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर अधिवृषणातून (वृषणाला चिकटलेल्या गुंडाळलेल्या नळीतून) पुढे सरकायला काही दिवस. हिशोब बरोबर आहे, पण ज्या मूळ पेशींपासून ते घडतात त्या जिवंत असतील तरच. ताप येऊन गेला, भट्टीसमोरचं काम सुटलं, की तीन महिन्यांत काउंट वर येतो, तो याच कारणाने. डीबीसीपी नेमका त्या मूळ पेशींवर घाव घालतं. अशा वृषणाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर शुक्राणू घडवणाऱ्या नलिकांमध्ये आधार देणाऱ्या सर्टोली पेशी दिसतात, शुक्राणू बनणाऱ्या पेशींची सगळी रांग गायब. बियाणंच संपलं, तर पुढचा हंगाम मोजून काय करणार?

कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपच्या कारखान्यात १९७७ साली हेच उघड झालं. कामगारांच्याच लक्षात आलं की आपल्याला मुलं होत नाहीत. ज्यांचा काउंट १० लाखांच्या खाली, ते निदान तीन वर्षं या रसायनाजवळ होते. ज्यांचा ४ कोटींच्या वर, त्यांचा संपर्क तीन महिन्यांपेक्षा जास्त नव्हता. तुमचे तीन महिने इथे भेटतात बघा, फक्त उलट्या बाजूने! इस्रायलमधल्या, डीबीसीपीच्या संपर्कात आलेल्या कामगारांची १७ वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. शुक्राणू शून्य असलेल्या नऊपैकी तिघांचेच परत आले होते, तेही ३६ ते ४५ महिन्यांत. त्यानंतर कुणातच सुधारणा नाही.

आणि यात माणसाला स्वतःला काही कळत नाही. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी बहुतेक वेळा शाबूत राहतात, त्यामुळे दाढी, आवाज, इच्छा, सगळं जागेवर. बिघाड कळतो तो रक्तातल्या एफएसएच या संप्रेरकावरून (हार्मोनवरून): नलिका रिकाम्या झाल्या की तो चढतो. म्हणूनच 'मला काही त्रास नाही' याला पुरावा मानता येत नाही.

सगळीच कीटकनाशकं अशी नसतात, हे मूळ लेखातही होतं, पण तुम्ही तिथवर पोचला नसाल. व्हर्जिनियातल्या होपवेलच्या क्लोरडेकोन या कीटकनाशकाच्या कारखान्यातल्या कामगारांना कोलेस्टिरामीन हे औषध देऊन विष शरीराबाहेर काढलं आणि शुक्राणू सुधारले.

अमेरिकेचा संबंध विचारलात. डीबीसीपीवर भारतातही १९८९ पासून बंदी आहे. उंदरांची वृषणं सुकतात हे तर १९६१ मध्येच छापून आलं होतं. बाकीचं सोडून देते, उत्तर द्यावं असं त्यात काही नाही.

मात्र तपासणी करायची असेल तर नीट करा. आधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळायचं, सगळं वीर्य रुंद तोंडाच्या डबीत (पहिला भाग सांडला की काउंट खोटाच कमी दिसतो), तासाभरात तपासणी, आणि काही आठवड्यांनी दुसरा नमुना. रिपोर्टमध्ये 'निल' (शुक्राणू शून्य) आलं तर आधी विचारा, नमुना सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) तळाचा गाळ पाहिला होता का.