पासष्ट हजारांची झेरॉक्स

डोकं फिरलंय आज. पासष्ट हजार रुपये भरायला बँकेत गेलो. टॉवेलच्या मालाचे पैसे, चार व्यापाऱ्यांकडं हेलपाटे घालून वसूल केलेले. सव्वा तास रांगेत. खिडकीशी पोचलो तर म्हणे, "पन्नास हजारांच्या वर आहे, पॅनची झेरॉक्स लावा." कार्ड दाखवलं. चालत नाही, झेरॉक्सच पाहिजे. बाहेर झेरॉक्सवाल्याकडं लाईट नाही. उन्हात पुढच्या चौकापर्यंत गेलो, काढून आणली, तर सही राहिली म्हणून कागद परत. सही केली तर "पैसे कशाचे?" घामाचे! वीस वर्षांचं खातं आहे माझं, आणि सगळ्या रांगेसमोर चोराला विचारावं तसं विचारलं.

तसाच पार्क चौकात चहाला थांबलो. गल्लीतला एका पक्षाचा कार्यकर्ता भेटला. म्हणतो, "कंपन्यांनी पक्षाला पैसे दिले तर काय बिघडलं बे? पैशाशिवाय इलेक्शन निघतंय होय?"

काय बिघडलं? २०१८ पासून इलेक्टोरल बाँड चालले, म्हणजे स्टेट बँकेतून रोखे घ्यायचे आणि नाव न सांगता पक्षाला द्यायचे. कुणी कुणाला किती दिले हे मत देणाऱ्याला कळायची सोयच नव्हती. कंपनीच्या देणगीला नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती, ती २०१७ मध्ये काढून टाकली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा देणगी देणार! तिला विचारलं का कुणी, पैसे कशाचे? १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं हे सगळं घटनाबाह्य ठरवलं, तर स्टेट बँक माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागते. लोकसभेचा निकाल ४ जूनला! कोर्टानं ११ मार्चला झापलं आणि दुसऱ्या दिवशी माहिती हजर. बाँड घेणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर लॉटरीवाली कंपनी, १,३६८ कोटी.

आमच्या गल्लीत गणपतीला एक्कावन्न रुपये दिले तरी पावती फाडतात आणि फळ्यावर नाव लागतं.

निवडणूक महाग म्हणे. विधानसभेला उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा, आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. महाग तुम्हीच केली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षानं बाँड नाकारले, वर कोर्टात गेले, म्हणजे नाही म्हणता येतं. बाकी सत्तेतले काय नि विरोधातले काय, बहुतेकांनी हात पसरले. कंपनीला मत नाही, मग तिचा पैसा निवडणुकीत कशाला? कोटी देणारा उद्या टेंडर मागणार, सवलत मागणार, आणि त्याचाच फोन आधी उचलला जाणार. उजनी धरण भरलं तरी आम्ही चार-चार दिवस नळाकडं बघत बसतो. आमचा फोन कोण उचलणार? आम्ही दिलं काय, तर फक्त मत.

तेव्हा बाबा, पुढच्या वेळी माझ्या दारात चिठ्ठी घेऊन आलास की पक्षाच्या देणगीदारांची यादीही आण. कुणी दिले, किती दिले, सगळं. सहीसकट.