‘येतो’ म्हणजे नेमके कोण?

कोल्हापुरातल्या मुली ‘मी येतो’, ‘मी जातो’, ‘मी कंटाळलो’ असे बोलतात, हे मला कळत्या वयापासून ठाऊक आहे. माझी आई असेच बोलते, बहीण असेच बोलते, आणि पुण्याकडून लग्न होऊन आलेली माझी पत्नी पहिली दोन वर्षे त्यावर हसून तिसऱ्या वर्षापासून स्वतःही तसेच बोलू लागली. मी मराठीचा शिक्षक असल्याने गेली बावीस वर्षे मुलींच्या निबंधांतल्या या ‘येतो’भोवती लाल गोल काढत आलो आहे. हे काम मी केवळ कर्तव्य म्हणून करीत असे. त्यात माझा काही स्वार्थ असू शकेल, असे गेल्या महिन्यापर्यंत मला वाटले नव्हते.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी आमची सोळा वर्षांची, अकरावीतली कन्या अंघोळीला गेली असताना जेवणाच्या टेबलावरचा तिचा फोन उजळला आणि त्यावर ओळ उमटली : ‘उद्या पाचला रंकाळ्यावर येतो. भेळ तुझ्याकडून.’ पाठवणाऱ्याचे नाव ‘पाटील’. फोनला मी हात लावला नाही, हे शपथेवर सांगतो. फक्त चष्मा लावून टेबलाजवळून दोनदा गेलो.

इतर कोणत्याही जिल्ह्यातल्या बापाने क्रियापदावरून तिथल्या तिथे निकाल लावला असता. कोल्हापुरात ‘येतो’ म्हणणारा पाटील मुलगा असेलच असे नाही आणि मुलगी असेल याची खात्री नाही. आडनावाचाही उपयोग नव्हता, कारण आमच्याकडे चौकात उभे राहून ‘ओ पाटील’ अशी हाक मारली, तर वाहतूक थांबते.

जेवताना मी सहज वाटावे अशा आवाजात विचारले, “उद्या काही कार्यक्रम?”

“रंकाळ्यावर जातो.”

“कोणाबरोबर?”

“पाटील हाय, बाकीची पण हायत.” एवढे सांगून तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि पुढे म्हणाली, “पप्पा, आमच्या वर्गातली निम्मी पोरं-पोरी डेटवर जातात. मला तुम्ही कितव्या वर्षी सोडणार, ते एकदा ठरवून टाका.”

“विचार करून कळवतो,” मी म्हणालो. रजेच्या अर्जावर आमचे मुख्याध्यापक याच सुरात शेरा मारतात.

विचार करायला बसल्यावर पहिली अडचण शब्दाची आली. या प्रकाराला मराठीत जे शब्द आहेत, ते लफडे, भानगड आणि प्रकरण. तिन्ही शब्द पोलीस चौकीच्या वहीतून आल्यासारखे वाटतात. दुसऱ्या टोकाला ‘जुळले’ हा शब्द आहे, पण तो उच्चारताच मांडव दिसू लागतो. दोन मुलांनी एकमेकांना आवडून घेऊन एका कागदातली भेळ खावी, आणि पुढे काही व्हावे किंवा न व्हावे, या मधल्या अवस्थेसाठी आपल्या पूर्वजांनी एकही शब्द करून ठेवलेला नाही. त्यांच्याकडे ती अवस्थाच नव्हती.

रात्री कन्या कानात बोंडे घालून झोपल्यावर घरात बैठक बसली. त्या दिवशी बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, मुक्कामाला होते. आई सर्वांत आधी बोलली. “चौसष्ट साली सोळाव्या वर्षी माझं लगीन झालं. तयार हाईस का म्हणून मला कुणी इचारलं न्हवतं.” मग नातीलाही जाऊ द्यावे, असा याचा अर्थ मी काढला, तर तो साफ चुकीचा निघाला. “तिला गॅसवर दूध ठेवून फोन बघू दे. दूध उतू गेलं न्हाई, तर पाठव. माझ्या मतं अजून तिला एकटीला सोडायचं वय न्हाई.” एरवी कट्ट्यावर जाऊन समोर काढलेले धारोष्ण दूध पिणाऱ्या या शहरात दुधाची परीक्षा कोणालाही हास्यास्पद वाटली नाही, हे विशेष.

मी कायद्याचा आधार घ्यायचे ठरवले. मुलीच्या लग्नाचे किमान वय १९२९च्या शारदा कायद्याने १४ केले, १९४९ साली ते १५ झाले आणि १९७८ साली १८. मतदानाचे वय पूर्वी २१ होते, ते १९८९ पासून १८ झाले. पालकांच्या संमतीने ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी सोळाव्या वर्षी चालवता येते. म्हणजे शासनाने प्रत्येक गोष्टीचा विचार केला आहे. फक्त रंकाळ्याच्या कठड्यावर एखाद्याबरोबर बसून भेळ खाण्याचे किमान वय कोणत्याही राजपत्रात आलेले नाही. १९१९ साली शाहू महाराजांनी याच संस्थानात आंतरजातीय विवाहाचा कायदा केला, आणि दरवर्षी २६ जूनला त्यावर शाळेत मी सात मिनिटे भाषण करतो, ही गोष्ट मला त्या रात्री नेमकी नको तेव्हा आठवली.

मग मी विज्ञानाकडे वळलो. माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग, ज्याच्याकडे सारासार विचाराचे खाते असते, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो, असे मी सांगितले. पत्नीने शांतपणे विचारले, “तुम्ही मला बघायला आलात, तेव्हा सव्वीस वर्षांचे होतात ना?” मी विज्ञान सोडून दिले.

बैठकीतले एकमेव कामाचे बोलणे दाजींनी केले. दाजी तरुणपणी तालमीत होते आणि खासबाग मैदानात त्यांनी दोन कुस्त्या केल्या आहेत, त्यांपैकी जिंकलेल्या एकीबद्दलच आम्ही ऐकतो. ते म्हणाले, “पोराची जोड कधी लावायची, ते वस्ताद वय बघून ठरवत न्हाई. पोराला पडायचं कसं ते कळतंय का, ते बघतो. पाठीवर आपटला तरी उठून लंगोट झाडून हासत बाहेर आला, की सोडायचा. पडल्यावर डूक धरणारा किंवा घरात तोंड लपवून बसणारा असला, तर त्याला अजून वर्षभर मातीच उकरायला लावायची.” यावर आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. मी मनात मुलीचा हिशेब मांडू लागलो. बुद्धिबळात हरल्यावर ती पट उधळीत नाही. पण मैत्रिणीने वाढदिवसाला बोलावले नाही, तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. मग स्वतःचा मांडू लागलो आणि लवकरच थांबलो.

एक गोष्ट कबूल करायला हवी. दोन वर्षांपूर्वी दाजींचाच मुलगा, तोही सोळाचा, एका मुलीबरोबर सिनेमाला दिसला होता. तेव्हा बैठक बसली नव्हती, कायदे निघाले नव्हते, दूध तापवले नव्हते; ‘पोरगं मोठं झालं’ म्हणून सर्वांत मोठ्याने मीच हसलो होतो. पत्नीने ही आठवण करून दिली आणि त्यानंतर बैठक फार चालली नाही. ‘आधी बारावी होऊ दे’ हा आपल्याकडचा सर्वमान्य ठराव मंजूर झाला. रंकाळ्याला मात्र बाकीची मुले असल्याने परवानगी मिळाली.

शनिवारी शाळेत पेपर तपासायचे आहेत, असे सांगून मी साडेचारलाच रंकाळा गाठला आणि शालिनी पॅलेस दिसेल अशा बेताने एका झाडाआडच्या बाकावर बसलो. कोल्हापुरात पाळत ठेवू पाहणाऱ्याची पंचाईत अशी, की त्याला ओळखणारे लोक फार असतात. पहिल्या दहा मिनिटांत निवृत्त सहकारी भेटले, मग दूधवाला, मग दोन मुलांचा बाप झालेला एक जुना विद्यार्थी, आणि शेवटी आईची मामेबहीण. प्रत्येकाने “एकटंच? कुणाची वाट बघालाय?” असे विचारले. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, असे मी बसल्या जागेवरून सर्वांना सांगितले. रिकाम्या हाताने बसणे संशयास्पद वाटू नये म्हणून भेळ घेतली, आणि मुलांनी उशीर केल्यामुळे दुसरीही घ्यावी लागली.

सव्वापाचला केएमटीच्या बसमधून चौघे उतरले : आमची कन्या, आणखी दोन मुली आणि एक मुलगा. मी सावरून बसलो. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी “ए पाटील!” अशी हाक मारली. मुलाने मागे वळून पाहिले. दोघींपैकी एकीनेही पाहिले. आणि भेळवाल्यानेही.

मी घरी पोहोचण्याआधीच मामेबहिणीचा फोन येऊन गेला होता. ‘तुझा ल्योक रंकाळ्यावर एकटाच बसलाय, सारखा माना वळवून बघालाय, दोन भेळी खाल्ल्या, घरात काय बिनसलंय का?’ हा निरोप आईने मला शब्दशः ऐकवला. पत्नी काही बोलली नाही. तिने फक्त पेपर किती तपासून झाले, ते विचारले.

कन्या अर्ध्या तासाने आली. “पप्पा,” ती म्हणाली, “पाटील मला म्हणालं, तुझे पप्पा झाडामागं बसलेत.”

‘म्हणालं.’ मराठीत तीन लिंगे आहेत, हे मी बावीस वर्षे शिकवत आलो आहे. पण तिसऱ्याचा असा उपयोग होईल, असे मला कधी वाटले नव्हते.

“कुणाला भेटायला गेला होता?” तिने विचारले. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

“मी म्हणत होतो की न्हाई,” आई दुधाखालचा गॅस बारीक करीत म्हणाली, “अजून एकट्याला सोडायचं वय न्हाई.”