फ्रीजमधला किडा झोपलेला नसतो

गेल्या पावसाळ्यापासून एक मेसेज आमच्या शेतीच्या, शाळेच्या आणि नातेवाइकांच्याही ग्रुपवर फिरतोय. वर ठळक अक्षरांत ‘परदेशी फोटोग्राफरसारखे किड्यांचे फोटो काढा’ आणि खाली पाच युक्त्या. किडा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तो झोपतो. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, एफ/22 ठेवा, म्हणजे सगळं शार्प येतं. अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स घ्याच, त्याशिवाय नाद करू नका. ग्लिसरीन-पाणी फवारा, दव दिसतं. आणि भर दुपारी काढा, उजेड फुकट असतो. सोबत नमुना म्हणून मृगाच्या किड्याचा फोटो. त्याला आठ पाय असतात. तो कीटक नाहीच, कोळ्याच्या गोतावळ्यातला आहे!

हसून सोडून दिलं असतं. पण दिवाळीत जिंतूरला ताईकडे गेलो तर भाचा म्हणाला, “मामा, जरा थांबा, मॉडेल गार व्हायलंय.” फ्रीज उघडला तर सायीच्या पातेल्याशेजारी बरणीत प्रार्थना कीटक. ताई त्यावर जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

किड्याच्या अंगातली ऊब बाहेरच्या हवेवर चालते. गारठा वाढला की त्याच्या नसा आणि स्नायू काम थांबवतात. याला झोप म्हणता येत नाही, त्याची हालचालच बंद पडलेली असते. आपल्या उष्ण मुलखातल्या किड्याला फ्रीजमधल्या चार-पाच अंशांनी इजाही होऊ शकते, काही परत धड उभे राहत नाहीत. प्रयोगशाळेत अभ्यासासाठी किडे गार करतात हे खरं, पण तिथं मोजमाप घ्यायचं असतं. इथं फक्त फोटोचंच बोलू. भाच्याचा कीटक बाहेर आला तेव्हा पाय आखडलेले, मिशा लोंबलेल्या, मुंडकं एकीकडं. एरवी आपण हललो की हाच प्राणी मान वळवून बघतो, त्याच्या डोळ्यातला काळा ठिपकाही आपल्यावरच रोखलेला वाटतो. सगळी ऐट त्या मानेत असते, नेमकी तीच गेली. वर दमट हवा लागल्याबरोबर डोळ्यांवर वाफ धरली. ती पुसणार कशानं?

गारठाच हवा असेल तर तो आपल्याकडं फुकट आहे. परभणीचा पारा पौषात दहाच्या खाली उतरतो. येलदरी धरणाच्या पाण्याकडेच्या गवतात सूर्य उगवायच्या आत जाऊन बसा. चतुर काडीला लटकलेले सापडतील, पंखांवर खऱ्या दवाचे मणी. जागा त्यांनी रात्री स्वतः निवडलेली असते, काडीवरची पकड त्यांची स्वतःची असते, म्हणून फोटोत ते जिवंत दिसतात. ऊन चढलं की काही चतुर पंख थरथरवायला लागतात. ती उडायचे स्नायू तापवण्याची धडपड. थरथर दिसली की समजा, तुमचा वेळ संपत आला. ग्लिसरीनचा मुद्दाही इथंच निकालात निघतो. किडा अंगावरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतो, त्यावर चिकट पदार्थ कशाला मारायचा?

आता एफ/22. हा सल्ला सगळ्यात शहाणा वाटतो, म्हणून सगळ्यात जास्त फसवतो. एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक बारीक. सहा मिलिमीटरचा ढालकिडा (लेडीबर्ड) सेन्सरवरही, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चकतीवरही, सहा मिलिमीटरचाच पडेल इतक्या जवळ गेलात की अ‍ॅपर्चरचा आकडा जवळपास दुप्पट धरावा लागतो. म्हणजे तुमचं एफ/22 प्रत्यक्षात एफ/44 सारखं वागतं. इतक्या बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो. हेच शाळेच्या पुस्तकातलं विवर्तन. एका बिंदूचा साधारण 0.06 मिलिमीटरचा ठिपका होतो आणि तेवढ्यात आजच्या कॅमेऱ्याचे दहा-पंधरा पिक्सेल ओळीनं बसतात. सगळं शार्प राहिलं बाजूला, सगळं सारखंच मऊ, धूसर येतं.

भोक मोठं करून एफ/8 ला आलात तर मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर जेमतेम एक मिलिमीटर खोली फोकसमध्ये मिळते, हेही मान्य. म्हणून कॅमेरा किड्याच्या कुशीला समांतर धरायचा आणि फोकस डोळ्यावर ठेवायचा. डोळा चुकला तर बाकी काहीही बरोबर आलं तरी फोटो गेला. किडा निवांत असेल तर फोकस केसभर सरकवत दहा-पंधरा फ्रेम घ्या आणि नंतर जोडा. पिकोले नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट मिळतं. आपल्या मोकळ्या वावरात वारा उन्हाबरोबर उठतो, तेव्हा एका काठीला कपड्याचा चिमटा बांधून रोपाची दांडी धरून ठेवायची. आणि ‘परदेशी फोटोग्राफर’ म्हणाल, तर लेव्हॉन बिस यांचे ते अंगावर काटा आणणारे फोटो ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या मेलेल्या नमुन्यांचे आहेत, एकेका किड्यासाठी सुमारे 8,000 फ्रेम जोडून केलेले. तिथं ना फ्रीज, ना एफ/22.

लेन्सबद्दल फार बोलत नाही. मॅक्रो लेन्स उत्तम, पण 50 मिलिमीटरच्या साध्या लेन्समागं 25 मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे नुसती पोकळ नळी, लावली तरी किडा निम्म्या आकारात सेन्सरवर येतो. रिव्हर्स रिंग नावाची कडी लावून कॅमेऱ्यासोबत येणारी 18-55 मिलिमीटरची किट लेन्स उलटी केली तर त्याहून जवळ जाता येतं, आणि गंमत म्हणजे तेव्हा 55 पेक्षा 18 ला किडा मोठा दिसतो. फक्त लेन्सची मागची काच उघडी पडते, आणि आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीतच आहे.

राहिली दुपार. जानेवारीत भाच्याला घेऊन करडईत गेलो. माव्यानं भरलेले शेंडे आणि त्यावर ढालकिडे, म्हणजे मॉडेलांची जत्राच. त्यानं हट्टानं बारा वाजताही काढून बघितले. प्रत्येकाच्या पाठीवर चुन्याचा थेंब पडल्यासारखा पांढरा डाग. मग फ्लॅशपुढं बटर पेपर धरला, ऊन छत्रीनं अडवलं, तेव्हा कुठं लाल रंग फोटोत नीट आला. फ्लॅशची ताकद कमी ठेवली होती, त्यामुळं त्याची चमक क्षणाच्या इतक्या छोट्या तुकड्यात आटोपते की हातात धरलेला कॅमेराही हलल्यासारखा दिसत नाही.

शेवटच्या फ्रेममध्ये ढालकिड्यानं मावा तोंडात धरला होता. डोळा थोडा मऊ आला. भाचा म्हणाला, “उद्या साडेसहालाच येऊ, मामा.” ताईनं विचारलं, बरणी कुठाय? ती आता लोणच्याला दिलीय.