‘सगळं नाटक’ म्हणणाऱ्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही आमच्या साडीच्या दुकानाला दोन स्टार दिलेत आणि लिहिलंत की सेल्सगर्ल तोंडावर गोड, पाठ फिरली की तोंड पाडून बसली. तुमच्याशी मराठीत मावशी-मावशी, शेजारच्या बाईंशी लगेच कन्नडात तेच. सगळं पाठ केलेलं नाटक. मी त्या पोरीशी बोललो, काउंटरवरच्या बाकीच्यांशीही बोललो आणि मगच लिहायला बसलोय.

भाषेचं आधी सांगतो. बेळगावच्या खडे बाजारात गोकाक-बैलहोंगलचं गिऱ्हाईक कन्नडात बोलतं, खानापूर-चंदगडचं मराठीत, गोव्याहून बस्ता बांधायला आलेलं कोकणीत. ज्याची जी भाषा, तीत त्याला बसवायचं ही इथली रीत आहे. या पोरीच्या घरी कन्नड. मराठी ती आमच्याच काउंटरवर शिकली, म्हणून तिची वाक्यं ठरलेली वाटली असतील. पण ‘बर्री अक्का, कुंडरी’ जितक्या आपुलकीनं म्हणते, तितक्याच आपुलकीनं ती ‘या मावशी, बसा’ म्हणते.

आता हसण्याचं. ते मनापासून होतं का, हे मी तिला विचारलं नाही आणि विचारणारही नाही. ऐन लगीनसराईत, सकाळपासून उभ्या असलेल्या माणसाला संध्याकाळी हसू आपोआप येत नाही, आणावं लागतं. आपले पाय दुखतायत याचा राग समोरच्यावर निघू द्यायचा नाही, एवढंच त्यामागं असतं. याला ढोंग म्हणणं मला पटत नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी डेल्टा विमान कंपनीतल्या हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून 1983 साली हेच मांडलं होतं: चेहरा प्रसन्न ठेवणं हेही श्रमच आहेत, आणि ते सतत करणारं माणूस आतून तुटत जाऊ शकतं. म्हणूनच गिऱ्हाईक उठलं की चेहरा सैल सोडायची आमच्याकडे पूर्ण मोकळीक आहे. बसायचीही आहे. केरळात साडीच्या दुकानांतल्या बायकांना नुसतं बसता यावं म्हणून लढावं लागलं, तेव्हा कुठे 2018 मध्ये तिथला कायदा बदलला. तमिळनाडूनं 2021 मध्ये बदलला. आमच्या काउंटरमागं स्टुलं आहेत. तुम्ही तिला त्यातल्याच एकावर बसलेली पाहिलीत.

ती काय करत होती तेही सांगतो. तुमच्यासमोर उलगडलेल्या साड्यांचा ढीग मांडीवर घेऊन घड्या घालत होती. घडी मूळच्या मोडीवरच बसवावी लागते, काठाला काठ लावून, पदर वर ठेवून. एक जरी मोड चुकली तरी नवी साडी हाताळलेली दिसते आणि पुढचं गिऱ्हाईक ती बाजूला सारतं. हे काम हसत होत नाही. मान खाली घालूनच करावं लागतं.

खरेपणाची परीक्षा आमच्या धंद्यात मालावर होते, ताई. तुमच्या सासूबाईंनी हिरव्या इरकलीवर हात ठेवून ‘ही पूर्ण रेशमाची ना?’ असं विचारलं होतं. त्या पोरीनं ‘हो’ म्हटलं असतं तर साडी तिथंच खपली असती. तिनं पदर उलटा करून, तो साडीच्या अंगाला जिथं जोडतात ती टोप-तेणीची जागा बोटानं दाखवली आणि म्हणाली, ‘मावशी, पदर रेशमी आहे, अंगात चमका आहे, सिल्क मार्क नाही यावर.’ चमका म्हणजे कृत्रिम रेशीम, आणि सिल्क मार्क ही शुद्ध रेशमाची खूण. सासूबाई उठल्या. विक्री गेली, आणि त्याबद्दल मी तिला एका शब्दानं बोललो नाही. चमक्याला रेशीम सांगून तोंडभर हसणारी माणसं या धंद्यात मी पाहिलीत. नाटक मी त्याला म्हणतो.

स्टार दोनच ठेवा, माझी हरकत नाही. दुकानाबद्दल तुम्हाला वाटेल ते लिहायचा तुम्हाला हक्क आहे. एक विनंती मात्र आहे. रिव्ह्यूत तुम्ही तिच्या ड्रेसचं आणि चेहऱ्याचं जे वर्णन दिलंय, त्यावरून ओळखीच्या गिऱ्हाइकांनी तिला ओळखलं आणि काउंटरवर येऊन विचारलं. तेवढ्या दोन ओळी काढा. आणि सासूबाईंना पूर्ण रेशमाची इरकल अजून हवी असेल तर त्यांना कोणता रंग हवा ते कळवा, पुढच्या मालात मागवून ठेवतो.